पेशंटला सांगते, स्वतः मात्र करत नाही

प्रश्न: ताई, मी बीएस्सी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सकाळी वॉर्डमध्ये पोस्टिंग, दुपारी लेक्चर्स, रात्री जर्नल आणि केस स्टडी. साडेपाचला उठते, नाश्ता राहूनच जातो आणि झोपायला दीड वाजतो, त्यात दोन-तीन कप कॉफी. परवा बेड सहाच्या आजोबांना पाणी पीत जा म्हणून समजावत होते आणि माझेच ओठ सुकले होते, सकाळपासून घोटभर पाणी नव्हतं घेतलं. राउंडच्या वेळी उभ्या उभ्या चक्कर आली. सगळं माहीत असून जमत नाही, मी या फील्डसाठी नाहीच का?

उत्तर: अगं, फील्डचा प्रश्नच नाहीये, प्रश्न झोपेचा आहे. चार तास झोपून कुणाचंच भागत नाही, तुझ्या वयाला कमीत कमी 7 तास लागतातच. सलग 17 तास जागं राहिलं की माणसाचं लक्ष आणि हात रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असल्यासारखे चालतात, आणि साडेपाचला उठलेली तू रात्री साडेदहालाच तिथे पोचतेस. मग दीडपर्यंत वाचलेलं किती डोक्यात राहणार, आणि वाचलेलं पक्कं होतं ते झोपेतच, तीच तू कापतेयस. दुसऱ्या दिवशी त्याच डोक्याने औषधाचा डोस मोजायचा असतो, मला काळजी त्याची जास्त वाटते.

कॉफीचं म्हणशील तर त्यातलं कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण 5 तास जातात, रात्री 10 चा कप पहाटे 3 ला अजून निम्मा अंगात असतो. म्हणून दुपारनंतर बंद. जर्नल रोजचं रोज, लेक्चर संपल्या संपल्या तिथेच बसून अर्धा तास लिही, साठवून ठेवलं की रात्र खातं ते.

आता पाणी. वॉर्डमधून टॉयलेटला जायला मिळत नाही म्हणून पाणीच प्यायचं नाही, हे आमच्या बॅचमध्येही सगळ्या करायच्या आणि लघवीच्या इन्फेक्शनने एकेक जण बेजार व्हायची. सिस्टरना सरळ सांगून जा गं, पाच मिनिटांनी काही अडत नाही, लाजू नकोस. पेशंटचा इनटेक-आऊटपुट चार्ट भरतेस ना, किती पाणी पोटात गेलं आणि किती लघवी झाली त्याचा, तसा आठवडाभर स्वतःचा भरून बघ, वहीच्या मागच्या पानावर. सकाळी निघताना एखादं केळं, मूठभर शेंगदाणे, चालत चालत खाल्लंस तरी चालेल. व्यायामाचं टेन्शन आत्ता घेऊच नकोस, आधी झोप.

आणि चक्कर आली हे मात्र सोडून देऊ नकोस. या आठवड्यातच हिमोग्लोबिन आणि बीपी तपासून घे, पाळीत जास्त जात असेल तर डॉक्टरांना तेही सांग, आणि पुन्हा कधी वॉर्डमध्ये डोळ्यापुढे अंधारी आली तर आधी खाली बस, मग हाक मार.