जुलाबाची ‘ती’ गोळी आणि इतर प्रश्न

वाचकांच्या नव्या पत्रांतही अँटिबायोटिकबद्दलचा गोंधळ जुनाच आहे. अँटिबायोटिक फक्त जिवाणूंवर चालतं, तापावर किंवा सर्दीवर नाही. एवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा.

प्रश्न : तीन दिवस सर्दी आहे, शेंबूड हिरवट झालाय. अझिथ्रोमायसिन (अँटिबायोटिक) घेऊ का?

उत्तर : नको. रंगावरून जंतू ओळखता येत नाही. दम लागला किंवा ताप हटेना, तर तपासून घ्या.

प्रश्न : मुलाचं मागच्या महिन्यातलं अमॉक्सिसिलिन सिरप फ्रिजमध्ये उरलंय. पुन्हा घसा दुखतोय, देऊ?

उत्तर : फेकून द्या. पाणी घालून केलेलं सिरप साधारण आठवडाभरच टिकतं. घसा डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : जुलाब झाले की मेडिकलवाला ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल देतो. दोन गोळ्यांत बरं वाटतं. मग डॉक्टरांची फी कशाला?

उत्तर : साधे पातळ जुलाब बहुतेकदा दोन-तीन दिवसांत आपले आपणच थांबतात, श्रेय मात्र गोळी घेऊन जाते. यातलं पहिलं औषध जिवाणूंसाठी, दुसरं अमिबा-जिआर्डिया या आतड्यातल्या परजीवींसाठी. दोन्ही एकदम झालेला रुग्ण क्वचितच भेटतो. पण निदान करायलाच नको, काहीतरी लागू पडेलच, या हिशेबावर कंपन्या ही जोडगोळी खपवतात आणि दुकानदार चिठ्ठीविना देतो. पाकिटावरची, ‘चिठ्ठीशिवाय देऊ नये’ सांगणारी लाल रेघ काय शोभेला असते? दर वेळी आतड्यातले साधे जिवाणू मरतात, चिवट उरतात, आणि ते आपला चिवटपणा दुसऱ्या जातीच्या जिवाणूंनाही देऊ शकतात. आपल्याकडे टायफॉइडचे जंतू ऑफ्लॉक्सासिनच्या गटाला आता फारसे जुमानत नाहीत, ते उगाच नाही. जुलाबात आधी ओआरएस घ्या, पाणी पाकिटावर लिहिलंय तेवढंच घाला. लहान मुलांना सोबत झिंक लागतं, डोस डॉक्टरांना विचारा. शौचातून रक्त, जोराचा ताप, लघवी कमी होणं, मूल मलूल पडणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. ‘उद्या बघू’ नको.

प्रश्न : आईला (वय 68, मधुमेह) त्रास काहीच नाही, पण लघवीच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून बघायची तपासणी) ई. कोलाय हा जिवाणू आलाय. लॅबवाला म्हणतो, औषध सुरू करा.

उत्तर : लॅबने रिपोर्ट द्यावा, उपचार सांगू नयेत. जळजळ, ताप नसेल तर मधुमेह असूनही सहसा औषध लागत नाही. गरोदरपण आणि मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया हे मुख्य अपवाद. रिपोर्ट तिच्या डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : पाच दिवसांचा कोर्स आहे, तिसऱ्याच दिवशी बरं वाटतंय. थांबवू?

उत्तर : ज्यांनी लिहून दिलं त्यांना आजच फोन करा. टीबीची औषधं असतील तर एक दिवसही चुकवायची नाहीत.