रिअ‍ॅक्ट येत नाही, मग 22 वर्षं केलं काय?

‘वय 45. आधी ग्राफिक्स, मग कारखान्यांच्या कंट्रोल सिस्टिम. बाजारात जे विचारतात ते मला येत नाही आणि मला जे येतं ते कुणी विचारत नाही. आता पुढे काय?’ ठाणे-बेलापूर पट्ट्यातून समुपदेशनासाठी माझ्याकडे येणारे चाळिशीतले इंजिनिअर थोड्याफार फरकानं हेच विचारतात. त्यावर ‘नवं काहीतरी शिका’ हे उत्तर त्यांना घरीदारी मिळालेलंच असतं. मला ते अपुरं वाटतं, म्हणून एका गृहस्थांची हकिगत सांगते. त्यांची परवानगी आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

राहायला ऐरोली, नोकरी महापेला. उमेदवारीच्या काळात सी प्लस प्लस आणि ओपनजीएलमध्ये ग्राफिक्सचा कोड लिहायचे. नंतर स्काडाच्या, म्हणजे कारखान्यावर दुरून नजर आणि ताबा ठेवणाऱ्या यंत्रणेच्या, स्क्रीन करू लागले: कंट्रोल रूममधला ऑपरेटर ज्याकडे बघून टाक्या, पंप, व्हॉल्व्ह सांभाळतो ते चित्र. कंपनीत माणसं कमी करायला सुरुवात झाली, तेव्हा त्यांनी बाहेर एक मुलाखत दिली. ‘रिअ‍ॅक्ट येतं का?’ ‘नाही.’ रिअ‍ॅक्ट म्हणजे ब्राउझरमध्ये दिसणाऱ्या स्क्रीन बनवण्याचं सध्याचं चलतीतलं साधन. मुलाखत तिथेच आटोपली. तेव्हापासून पहाटे जाग यायची आणि फ्लॅटच्या हप्त्याची बेरीज-वजाबाकी करत ते पडून राहायचे.

अशा वेळी करिअरचा विषय मी आधी काढत नाही. झोप, जेवण, चिडचिड, दारू, आणि जगणं नकोसं वाटतं का, हे सगळं थेट विचारते. असं विचारल्यानं नको ते विचार डोक्यात येतात, हा गैरसमज आहे; उलट माणूस मोकळा होतो. त्यांच्या मनात तसं काही नव्हतं. असतं, तर बाकीचं सगळं बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञांची भेट घ्यायला लावली असती. (रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास आणि मोफत आहे.)

मग बायोडेटा पाहिला. दोन पानं भरून सॉफ्टवेअरची नावं. ‘यातली निम्मी आता कुणी वापरत नाही,’ ते खाली बघत म्हणाले. मी म्हटलं, ‘मला त्यातलं एकही कळत नाही. मी ऑपरेटर आहे असं समजा आणि एक स्क्रीन काढून दाखवा.’

त्यांनी कागद आडवा धरला. डावीकडे जुन्या धाटणीची स्क्रीन काढली: काळी पार्श्वभूमी, हिरवे-लाल पंप, गरगरणारे पंखे, उठावदार टाक्या. उजवीकडे तोच प्लांट, पण सगळा राखाडी. टाकीच्या जागी एक उभी पट्टी, तिच्यावर ‘इथून इथपर्यंत ठीक’ सांगणारा पट्टा आणि शेजारी मागच्या तासाभरात पातळी कशी बदलली ते दाखवणारी रेघ.

‘रंग कुठे गेले?’

‘काही बिघडलं की येतील, मॅडम. सगळंच रंगीत असलं तर बिघडलेलं दिसणार कसं?’

ज्या माणसानं सुरुवातीची वर्षं पडद्यावर रंग भरण्यात घालवली, त्याच्या तोंडून हे ऐकताना मला त्यांच्या कामाचा फार आदर वाटला.

मग ते आपणहून अमेरिकेतल्या टेक्सास सिटीच्या रिफायनरीतल्या अपघाताबद्दल बोलू लागले. 23 मार्च 2005. एका उंच टॉवरमध्ये द्रव भरत होता आणि बाहेर जायची वाट तासन्‌तास बंद होती. आत येणारा प्रवाह एका स्क्रीनवर, बाहेर जाणारा दुसऱ्या. त्यात पातळी मोजणारं उपकरण पातळी उतरतेय असं दाखवत होतं. टॉवर काठोकाठ भरला, द्रव बाहेर उसळला, स्फोट झाला. 15 माणसं गेली. ‘हे दोन आकडे शेजारी-शेजारी हवे होते,’ ते म्हणाले. ‘माझ्या स्क्रीनवर ते असतातच.’

हे वाक्य बायोडेटात कुठेच नव्हतं.

त्यांच्या काळजीत दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या होत्या. एक पैशाची, दुसरी ‘मी आता कुणीच नाही’ ही. पहिलीला हिशेब लागतो. दुसरीवर कोर्सचा इलाज चालत नाही. ती आतल्या आत तशीच राहते आणि पुढच्या मुलाखतीत आवाजातून बाहेर पडते.

हिशेबासाठी मी पत्नीलाही बोलावलं. त्या शाळेत शिक्षिका. ‘हे काही सांगतच नाहीत हो. विचारलं की बघू म्हणतात.’ दोघांनी माझ्यासमोर आकडे मांडले तेव्हा कळलं, की पहाटेच्या त्या वजाबाकीत पत्नीचा पगार धरलेलाच नव्हता! उद्या नोकरी गेली तरी घर काही महिने निभावणार होतं. त्यानंतर झोप सुधारली, एका रात्रीत नाही, पण सुधारली.

दुसऱ्या गोष्टीसाठी त्यांना लिहायला बसवलं. प्रत्येक जुन्या कामाबद्दल इतकंच: स्क्रीनसमोर कोण बसायचं, त्याची अडचण काय होती, तुम्ही काय बदललंत. आठवेना तिथे जुन्या ऑपरेटरांना फोन करायला सांगितलं. तुर्भ्याच्या एका कारखान्यातले ऑपरेटर म्हणाले, ‘साहेब, तुम्ही ते अलार्म कमी केलेत ना, तेव्हापासून रात्रपाळीत डोकं शांत राहतं.’ हे किरकोळ काम नाही. 1994 साली ब्रिटनमधल्या मिलफर्ड हेवनच्या रिफायनरीत स्फोटाआधीच्या शेवटच्या 11 मिनिटांत दोन ऑपरेटरांवर 275 अलार्म येऊन आदळले होते. अलार्म कसे ठेवावेत याचं आयएसए 18.2 हे मानक 2009 मध्ये आलं, स्क्रीन कशा असाव्यात याचं आयएसए 101 हे 2015 मध्ये. हे गृहस्थ दोन्ही कोळून प्यायलेले, आणि बायोडेटात त्यांचा उल्लेखही नाही!

नवा बायोडेटा त्या टिपणांतून तयार झाला. तो त्यांनी आधी जुन्या ग्राहकांना पाठवला. रबाळ्याच्या एका केमिकल कंपनीत अलार्म तपासून नको ते काढण्याचं कंत्राटी काम मिळालं. पैसे पगारापेक्षा कमी आहेत, पण हप्ता निघतो.

रिअ‍ॅक्ट शिकायचं की नाही, हे त्यांनी शेवटी विचारलंच. शिकायचं, कारण कारखान्यांच्या स्क्रीनही आता ब्राउझरमध्ये येऊ लागल्या आहेत. फक्त कोर्सचे पैसे भरण्याआधी आपल्याला हव्या असलेल्या कामांच्या जाहिराती नीट वाचा, असं मी सांगितलं. त्यांनी वाचल्या. त्यांत ओपीसी यूए (वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांनी एकमेकांना माहिती द्यायची सामायिक पद्धत) आणि कंट्रोल सिस्टिमची सायबर सुरक्षा यांना जास्त मागणी दिसली, रिअ‍ॅक्ट त्यानंतर. त्याच क्रमानं ते शिकत आहेत.