मुका मार लपवला, हे मला खटकलं

अर्धापूर तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगा नववीत आहे, नांदेडला शाळेच्या संघात हॉकी खेळतो, बचावफळीत. आंतरशालेय सामन्यात समोरच्या मुलानं जोरात मारलेला चेंडू अडवताना तो याच्या स्टिकच्या कडेला लागून उसळला आणि मांडीवर बसला. फाऊल नव्हता. पोरगं खाली बसलं, दोन मिनिटांत उठलं आणि शेवटपर्यंत खेळलं. घरी एक शब्द बोललं नाही. चार दिवसांनी आईला ते लंगडताना दिसलं, तेव्हा मांडी काळीनिळी निघाली. वडील विचारतात, "सर म्हणतात, पोरगं वाघ आहे. एवढा दम आहे तर हॉकीतच पुढं पाठवावं, का दहावीनंतर लातूरला नीटसाठी टाकावं?"

दादा, राम राम.

करिअरचं नंतर बोलू, आधी मांडीचं. हॉकीचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो आणि दगडासारखा टणक. तो जवळून बसला की वरून कातडी शाबूत दिसते, पण आत स्नायूत रक्त साकळतं. आपल्याकडं मुका मार म्हटलं की लगेच तेल लावून चोळायचं आणि विटेनं शेकायचं. पहिले दोन-तीन दिवस हे दोन्ही करायचं नसतं. त्यानं आतला रक्तस्राव वाढतो, आणि कधी कधी पुढं त्या स्नायूत हाडासारखी कडक गाठ धरते. सुरुवातीला बर्फ कापडात गुंडाळून लावायचा, पट्टी बांधायची आणि पायाला आराम द्यायचा. तुमचे ते दिवस निघून गेले. म्हणून आता हाडाच्या डॉक्टरांना दाखवा, उद्यावर ढकलू नका.

आता दमाबद्दल. तुमच्या पत्रात एक ओळ अशी आहे की तुम्ही ती सहज लिहून पुढं गेलात, आणि मी मात्र तिथंच थांबलो. ज्यानं चेंडू मारला त्याच्याबद्दल विचारल्यावर लेकरू म्हणालं, "त्याची चूक नव्हती, मी स्टिक टेकवायला उशीर केला." नववीतल्या मुलाला एवढं कळतं! अंपायरवर चिडला नाही, समोरच्यावर डूख धरला नाही, आणि आपण कुठं चुकलो ते नेमकं सांगितलं. खेळाडू म्हणून त्याच्यात काही आहे असं मला वाटतं ते या वाक्यामुळं. दोन मिनिटांत उठला यामुळं नाही. मैदानात अंग गरम असतं, सगळे बघत असतात, तेव्हा उठणारी पोरं पुष्कळ असतात.

पण चार दिवस दुखणं लपवलं, हे तुम्ही कौतुकानं लिहिलंय आणि मला ते खटकलं. वाघ म्हटलेल्या पोराला मग दुखतंय म्हणायची चोरी होते. आज मांडी होती. उद्या डोक्याला लागलं आणि चक्कर, उलटी, अंधारी असं काही झालं तरी हा गप्प बसेल, याची मला खरी भीती वाटते. डोक्याला मार लागल्याचा संशय आला तरी त्या दिवशी परत खेळायचं नसतं. हे त्याला माहीत पाहिजे, आणि सरांनाही. सरांशी तुम्ही स्वतः बोला, शांतपणे. ते मुलांवर जीव लावणारे दिसतात, ऐकतील. २०२१ मध्ये टोकियोत कांस्य जिंकलेल्या आपल्या संघातला अमित रोहिदास पेनल्टी कॉर्नरला, म्हणजे समोरच्या संघाला गोलवर जोरात फटका मारायची संधी मिळते तेव्हा, सगळ्यात आधी चेंडूवर धावून जातो, ते तोंडावर मास्क आणि गुडघ्यांना पॅड बांधून. त्याला भित्रा म्हणायची कुणाची छाती आहे? तुमच्या लेकराकडं शिनगार्ड, म्हणजे नडगीचं कवच, आणि दातांचं गार्ड आहे का, ते पत्रात नाही. नसेल तर पुढच्या केळीच्या पट्टीचे पैसे आले की आधी ते घ्या.

लातूरचा निर्णय आज घेऊ नका, अजून वर्ष-दीड वर्ष हातात आहे. गोल्ड अँड सिल्व्हर कप या हॉकी स्पर्धेला देशभरातले संघ नांदेडला येतात. त्यातले बचावपटू कुठं उभे राहतात, कधी वळतात, हे त्याला वही घेऊन बघू द्या. छत्रपती संभाजीनगरचं साईचं (भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं) केंद्र आणि पुण्याची राज्य सरकारची क्रीडा प्रबोधिनी इथल्या निवड चाचण्यांची चौकशी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात करा. तिथं निवड झाली तर त्याला खरी पातळी कळेल, नाही झाली तरी कळेल. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण नुसत्या जिल्हा पातळीच्या प्रमाणपत्रावर भागत नाही आणि प्रमाणपत्राची पडताळणीही होते. म्हणून प्रत्येक स्पर्धेचा कागद फाईलला लावून ठेवा. दहावीच्या सवलतीच्या गुणांचा प्रस्ताव शाळेमार्फत जातो, तोही मुदतीत द्या. दहावीनंतर मात्र नीट आणि हॉकी या दोन डगरींवर पाय ठेवून चालणार नाही. लातूरच्या क्लासचं वेळापत्रक सकाळ-संध्याकाळ मैदानाला जागा ठेवत नाही. एकच निवडावं लागेल, आणि ते त्याला विचारून.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरही घाई नको. त्याला अंगणात पालथं झोपवा आणि दोन्ही पाय एकेक करून गुडघ्यात मागं दुमडायला सांगा. मार लागलेला पाय दुसऱ्याइतकाच दुमडतोय का, पळताना आणि झटकन वळताना कळ येते का, हे त्याच्याच तोंडून ऐका. त्यानं "अजून थोडं दुखतंय" म्हटलं, तर त्याला शाबासकी द्या आणि स्टिक आणखी आठवडाभर दाराआडच राहू द्या.