पद गेले, काम शिल्लक आहे

प्रश्न : दीड वर्षापूर्वी तोट्यात गेलेला एक विभाग माझ्याकडे सोपवण्यात आला. माझ्याआधीचे दोन्ही प्रमुख तो अर्धवट सोडून गेले होते. उद्दिष्टे गाठता आली नाहीत आणि ‘नेतृत्वाची पकड कमी पडली’ एवढ्या एका वाक्यावर गेल्या महिन्यात माझे पद काढून घेण्यात आले. काल माझ्या हाताखाली असलेल्या सहकाऱ्याच्या हाताखाली मी आज काम करते. रात्री झोप लागत नाही आणि राजीनामा लिहून ठेवला आहे. ‘खंबीर राहा’ असे सगळेच सांगतात. ते कसे राहायचे, हे कोणी सांगत नाही.
– एक वाचक

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य आपण ओझरते लिहून पुढे गेला आहात : माझ्याआधीचे दोन्ही प्रमुख तो विभाग अर्धवट सोडून गेले होते. एक्सेटर विद्यापीठातील मिशेल रायन आणि अलेक्झांडर हॅस्लम यांनी लंडन शेअर बाजारातील बड्या कंपन्यांच्या नेमणुका तपासल्या, तेव्हा कंपनीची कामगिरी आधीच घसरत असताना संचालक मंडळावर स्त्रियांची वर्णी लागण्याचा कल त्यांना दिसला. २००५ मध्ये त्यांनी याला ‘काचेचा कडा’ असे नाव दिले. प्रत्येक नेमणुकीला हे लागू पडते असे नाही, आणि स्वतःच्या चुकांवर पांघरूण घालण्यासाठी तर ते मुळीच वापरू नये. पण आपण चढलात तो कडा आधीपासूनच ढासळत होता का, हे तपासण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

त्यासाठी एक कागद घ्या आणि त्याचे दोन भाग करा. पहिल्या दिवशी हाती आले ते एका बाजूला लिहा : तोटा किती होता, माणसे किती कमी होती, कोणती आश्वासने मिळाली आणि त्यांतील किती पाळली गेली. दुसऱ्या बाजूला आपले स्वतःचे निर्णय तारखांसह लिहा, चुकलेले निर्णयही. ही दुसरी बाजू लिहिताना हात अडखळेल; तरी लिहा, कारण ‘मी नालायक आहे’ या वाक्याचे पुढे काहीच करता येत नाही, ‘पुरवठादार बदलण्याचा निर्णय मी तीन महिने लांबवला’ या वाक्याचे मात्र करता येते.

‘पकड कमी पडली’ हा शेराही असाच हवेत राहू देऊ नका. स्टॅनफर्ड विद्यापीठातील शेली कॉरेल आणि कॅरोलिन सिमार्ड यांनी कामाच्या लेखी मूल्यमापनांच्या अभ्यासावरून २०१६ मध्ये दाखवले होते की, स्त्रियांच्या वाट्याला मोघम अभिप्राय अधिक येतात. वरिष्ठांची वेळ मागून घ्या आणि शांतपणे विचारा : ‘कोणत्या प्रसंगी ही पकड कमी पडली असे आपल्याला वाटले, आणि त्या वेळी मी नेमके काय करणे अपेक्षित होते?’ उत्तर मिळाले तर ते कागदाच्या दुसऱ्या बाजूला लिहा. नाही मिळाले, तर त्या शेऱ्याला किती वजन द्यायचे, हेही आपल्याला कळेल.

रात्रीच्या विचारांचा उपाय मात्र वेगळा आहे. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, नोकरी गमावलेल्या काही व्यावसायिकांना त्या घटनेबद्दलच्या भावना सलग पाच दिवस लिहायला सांगितले होते. इतरांच्या तुलनेत त्यांना नवी नोकरी लवकर मिळाली, आणि गंमत म्हणजे त्यांनी जास्त अर्ज केले होते म्हणून नव्हे. प्रयोग लहान होता, त्यामुळे त्यावर फार मोठा इमला बांधू नये. तरीही रात्री दोन वाजता छताकडे बघत बसण्यापेक्षा संध्याकाळी वीस मिनिटे लिहिणे स्वस्तातला सौदा आहे. झोपेची तक्रार काही आठवड्यांत कमी झाली नाही, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

कोविडच्या एमआरएनए लसींचा पाया घालणाऱ्या शास्त्रज्ञ कातालिन कारिको यांचे उदाहरण अशा वेळी हमखास दिले जाते : १९९५ मध्ये विद्यापीठाने पदावनत केले आणि २०२३ मध्ये नोबेल मिळाले. मला मात्र मधली वर्षे अधिक मोलाची वाटतात. फोटोकॉपी यंत्रापाशी त्यांची संशोधक ड्रू वाइसमन यांच्याशी गाठ पडली, दोघांचे काम जुळले आणि त्यांचा महत्त्वाचा शोधनिबंध प्रसिद्ध व्हायला २००५ साल उजाडले. त्यांना पद परत मिळवायचे नव्हते, काम पुढे न्यायचे होते, आणि त्यासाठी एक जोडीदार पुरला. आपल्या कार्यालयात असे माणूस कोण, याचा विचार करा. ते बहुधा सांत्वन करणाऱ्यांच्या घोळक्यात नसेल.

राहिला नव्या प्रमुखांचा प्रश्न. त्यांनाही अवघडल्यासारखे होत असणार. पहिल्याच बैठकीत आपणच सांगून टाका : ‘निर्णय आता तुमचे आहेत, जुनी माहिती लागली, तर मी आहे.’ याहून अधिक बोलू नका आणि मागे कुजबुजीत सामीलही होऊ नका.

लिहून ठेवलेला राजीनामा फाडू नका. त्यावर तारीख मात्र घालू नका. वरिष्ठांशी बोलणे होऊन कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या, की तो पुन्हा वाचा. तेव्हाही त्यातील कारणे तशीच वाटली, तर तारीख घालून निःसंकोच द्या.