एजंटला पैसे द्यायचे ते नेमके कशाचे?

मागच्या अंकात एआयने बनवलेल्या सहलींबद्दल मी दोनच ओळी लिहिल्या होत्या, तर पत्रं, मेल आणि व्हॉट्सअॅप मिळून इतकं आलं की हा अख्खा अंकच त्याला दिला तरी उरेल. नावं छापत नाहीये, गावं तेवढी ठेवलीत.

प्रश्न : ताई नमस्कार. मे महिन्यात आम्ही सहाजण युरोपला निघालोय, मी, मिस्टर, सासू-सासरे आणि दोन मुलं. नेहमीचा दादरचा एजंट माणशी तीन हजार सर्व्हिस चार्ज सांगतोय. मोठा मुलगा म्हणतो, कशाला द्यायचे, मी मोबाईलवर दहा मिनिटांत प्लॅन काढलाय, तिकिटं-हॉटेलं अॅपवर स्वस्त मिळतात. सासरे म्हणतात एजंट नसेल तर मी येतच नाही. रोज जेवताना हाच वाद. मुलाचा प्लॅन सोबत पाठवतेय. (डोंबिवली)

मुलाचं निम्मं बरोबर आहे, हे आधीच सांगते. मी दादरला एजन्सीच्या टेबलावर सव्वीस वर्षं काढली, सुरुवातीला आमच्याकडे तिकीट बुकिंगची जी स्क्रीन होती ती गिऱ्हाईकाकडे नव्हती म्हणून लोक आमच्याकडे यायचे, विमान कंपन्या आम्हाला तिकिटामागे कमिशन द्यायच्या आणि त्यावर ऑफिस चालायचं. २००८ च्या सुमारास ते कमिशन जवळपास बंद झालं आणि नंतर ती स्क्रीन तुमच्या खिशात आली. नुसतं तिकीट काढून देणारे होते त्यांची दुकानं बंद झाली, आणि त्याचं फार वाईट वाटून घ्यायचं कारणही नाही.

आता तुमचा प्लॅन. दोनदा वाचला, मनापासून केलाय पोराने. पण बघा, मंगळवारी लुव्र म्युझियम टाकलंय, लुव्र मंगळवारी बंद असतं. अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद हे संभाजीनगरचा रिक्षावाला झोपेतून उठवलं तरी सांगेल, तसंच हे. पण ही चूक लहान, एक दिवस इकडचा तिकडे केला की झालं. मोठी गोष्ट पहिल्याच दिवसाची आहे. मुंबईहून मिलान, आणि अडीच तासांनी मिलानहून पॅरिसचं स्वस्तातलं विमान, स्क्रीनवर दोन्हीकडे मिलानच लिहिलंय, पण पहिलं उतरतं माल्पेन्साला आणि दुसरं सुटतं बेर्गामोहून, एक शहराच्या या टोकाला तर दुसरं त्या टोकाला आणि दोन्ही शहरापासून चांगली पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर लांब. त्यात तिकिटं वेगवेगळी, म्हणजे बॅगा घ्यायच्या, इमिग्रेशन करायचं, सहा माणसं आणि सामान गाडीत घालून हायवेने जायचं आणि पुन्हा चेक-इन. अडीच तासांत हे होत नाही. आणि विमान चुकलं तर दुसरी कंपनी म्हणणार, तुमचं पहिलं तिकीट आमचं नव्हतंच, नवीन काढा. एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर दोन्ही प्रवास असतील तर कनेक्शन चुकल्यावर पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी कंपनीची असते. चार-पाच हजार जास्त का पडतात त्याचं हे कारण आहे. शिवाय ते पॅरिसचं विमान उतरतं बोव्हेला, तिथून पॅरिस बसने अजून सव्वा तास.

(हा घोळ आता आपल्या दारातही आलाय हां. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून विमानं सुटायला लागली, अॅपवर 'मुंबई' टाकलं की दोन्ही विमानतळ एकाच यादीत येतात. डोंबिवलीकरांना ते सोयीचंच पडेल, पण देशातल्या विमानाने तिथे उतरून सहारच्या जुन्या विमानतळावरून परदेशचं विमान पकडायचं असेल तर मध्ये अख्खी मुंबई आहे.)

व्हिसा. मुलाने लिहिलंय, आधी इटलीत उतरतोय म्हणून इटलीकडे अर्ज. असं नसतं. पॅरिस तीन रात्री, स्वित्झर्लंड चार, इटली तीन, तर अर्ज स्वित्झर्लंडकडे, कारण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांमध्ये, जिथे जास्त मुक्काम तिथे फाईल लावायची, मुक्काम सारखे असतील तरच पहिलं पाऊल कुठे पडतं ते बघतात. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, निर्णयाला साधारण पंधरा दिवस धरतात, पण मेच्या सीझनला अपॉइंटमेंटच मिळत नाही, ती एप्रिलमध्ये शोधायला बसू नका. इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा लागतो. आणि सासऱ्यांचा पासपोर्ट आजच कपाटातून काढून बघा, परतायच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालू हवा.

हे सगळं शोधून सापडतं, मान्य. मुलगा चार रात्री बसला तर त्यालाही सापडेल. पण काही गोष्टी शोधून सापडत नाहीत कारण त्या कुणी टाईपच केलेल्या नसतात. एकदा एक आजोबा मुलाबरोबर ऑफिसला आले, स्वित्झर्लंडच करायचं होतं, हॉटेल मुलाने आधीच पसंत केलेलं, जुनं, सुंदर, फोटो बघून कुणीही भाळेल असं. बोलणं झालं, चहा झाला, आजोबा उठले तेव्हा दोन्ही तळवे टेबलावर टेकवून, क्षणभर थांबून, मग गुडघा सरळ करून उठले. मुलगा फोनवर होता, त्याचं लक्ष नव्हतं. मी त्यांना दारापर्यंत सोडायच्या आत हॉटेलला मेल टाकून विचारलं, लिफ्ट आहे का. नव्हती, खोल्या तिसऱ्या मजल्यावर. स्टेशनजवळचं लिफ्टवालं दुसरं घेतलं, विमानाला व्हीलचेअरची रिक्वेस्ट टाकली. परत आल्यावर आजोबा पेढे घेऊन आले आणि हॉटेलबद्दल एक शब्द बोलले नाहीत, कारण त्रास झालाच नव्हता तर आठवणार काय. आमच्या कामातला सगळ्यात चांगला भाग असा कुणाला न दिसणाराच असतो.

आणि एक २०१० ची आठवण. १५ एप्रिलपासून आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेने युरोपचं आकाश जवळपास सहा दिवस बंद होतं, आमचे अठराजण पॅरिसमध्ये अडकले. एक काकू होत्या, बीपीच्या गोळ्या मोजून आणलेल्या, दोन उरल्या. रात्री दीडला त्यांनी मला फोन केला तो गोळ्यांसाठी नव्हे, खूप घाबरल्या होत्या म्हणून. मी तिथल्या आमच्या माणसाला उठवलं, त्याने सकाळी डॉक्टरकडे नेऊन प्रिस्क्रिप्शन करून घेतलं, हॉटेलवाल्याशी बोलून सगळ्यांचा मुक्काम वाढवला. हॉटेलवाल्याने त्या भावात ऐकलं ते त्याची आमची दहा वर्षांची ओळख होती म्हणून.

तेव्हा अठरा हजार द्या, माझं स्पष्ट मत. प्लॅन मुलालाच करू दे, त्याची हौस आहे आणि घरच्यांची आवड त्याला जास्त कळते, एजंटला तो तपासायला द्या, व्हिसाच्या फायली आणि एका पीएनआरचं तिकीट त्याच्याकडून करून घ्या. पण आधी कागदावर लिहून मागा : चार्जमध्ये काय काय येतं, आणि तिथे रात्री अडचण आली तर फोन कुणाला करायचा. दुसऱ्या प्रश्नावर तो चाचरला तर एजंट बदला.

प्रश्न : आईबाबांना टोरंटोला पाठवायचंय, कॅनडाचा व्हिसा आलाय. अॅपवर न्यूअर्कमार्गे तिकीट माणशी चौदा हजारांनी स्वस्त आहे, एजंट नको म्हणतो. त्याचं कमिशन बुडतं म्हणून का? (बोरिवली)

आईबाबांकडे अमेरिकेचा व्हिसा आहे का? नसेल तर हे तिकीट घेऊच नका. अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो, इमिग्रेशन करूनच पुढे जावं लागतं. अॅप तिकीट विकताना बारीक अक्षरात 'कागदपत्रं तपासा' एवढं लिहितं आणि मोकळं होतं. मी सहारला चेक-इन काउंटरसमोर असं जोडपं बघितलंय, पहाटेचे तीन, ट्रॉलीवर लोणच्याच्या बरण्या गुंडाळून नीट बांधलेला बॉक्स, आणि काउंटरवरची मुलगी तिसऱ्यांदा तेच सांगतेय की बोर्डिंग देता येणार नाही. तुमच्या एजंटने नको म्हटलं, त्याचे आभार माना.

प्रश्न : आमच्या ओळखीच्या एका टूरवाल्याने चारधामचे पैसे घेतले आणि ऑफिस बंद करून गेला. आता कुणावर विश्वास ठेवायचा? (ठाणे)

वाचून फार वाईट वाटलं, पैसे घामाचे असतात आणि चारधामला माणूस आयुष्यात एकदा निघतो. आधी तक्रार करा, उशीर करू नका : ग्राहक हेल्पलाईन १९१५, आणि पैसे ऑनलाईन गेले असतील तर सायबरची १९३०.

पुढच्या वेळी पैसे फर्मच्या खात्यात द्या, कुणाच्या पर्सनल यूपीआयवर नाही, आणि जीएसटी नंबरचं बिल घ्या. विमानाचा पीएनआर मिळाला की कंपनीच्या वेबसाईटवर स्वतः टाकून बघा, हॉटेलला स्वतः एक फोन करा की आमच्या नावाने बुकिंग आहे का. चांगला एजंट याने चिडत नाही, मी तर गिऱ्हाईकाला समोर बसवून फोन लावून द्यायचे. 'टाय' म्हणजे ट्रॅव्हल एजंट्स असोसिएशन १९५१ पासून आहे, तिचा सभासद आहे का विचारा, ती काही गॅरंटी नव्हे, पण तक्रार करायला एक दार तरी असतं. केदारनाथच्या हेलिकॉप्टरची तिकिटं फक्त आयआरसीटीसीच्या हेलियात्रा साईटवर मिळतात, त्यामुळे 'माझ्याकडे कोटा आहे' म्हणणाऱ्याला तिथूनच नमस्कार करा. आणि ज्या भावात गाडीचं डिझेलही सुटणार नाही त्या भावात कुणी पॅकेज देत असेल तर तो तुमचे पैसे आधीच्या गिऱ्हाईकाच्या खर्चाला वापरतोय असं समजा.

प्रश्न : गणपतीला कोकणातलं तिकीट एजंटकडून काढावं का? (लालबाग)

नको. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं (१ नोव्हेंबर २०२४ पासून, आधी एकशेवीस होतं), तारीख मोजून ठेवा आणि सकाळी आठला घरचे दोघंतिघं बसा. तत्काळमध्ये पहिली तीस मिनिटं एजंटला बुकिंगच करता येत नाही, एसीला दहा ते साडेदहा आणि स्लीपरला अकरा ते साडेअकरा, आणि तुमचं आयआरसीटीसी खातं आधारशी जोडलेलं हवं, ते आजच करून ठेवा. यासाठी कुणालाही जादा पैसे देऊ नका.

प्रश्न : मी टीवायला आहे, पुढे ट्रॅव्हल-टुरिझमचा डिप्लोमा करायचाय. घरचे म्हणतात एआय आल्यावर हे फील्ड राहणारच नाही. मॅम, खरंच वेळ वाया जाईल का? (विलेपार्ले)

बाळा, नुसतं बुकिंग शिकणार असशील तर घरचे बरोबर आहेत. माणसं शिकणार असशील तर नाहीत.

२२ एप्रिल २०२५ ला पहलगामचा हल्ला झाला तेव्हा महाराष्ट्रातली कितीतरी कुटुंबं काश्मीरमध्ये होती. माझ्या ओळखीच्या एका छोट्या ऑफिसात त्या संध्याकाळी तीन मुली होत्या, तुझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या. त्यांनी यादी समोर ठेवली आणि आधी तिकडे एकेका ड्रायव्हरला फोन लावून माणसं कुठे आहेत ते विचारलं, मग इकडे एकेका घरी कळवलं, आणि घरचे विचारायच्या आधी कळवलं. त्यानंतर परतीच्या तिकिटांच्या मागे लागल्या, सगळे पोचेपर्यंत आळीपाळीने घरी गेल्या. त्यांना हे कुणी कोर्समध्ये शिकवलं नव्हतं, पण ड्रायव्हरचे नंबर त्यांच्याकडे होते आणि ड्रायव्हर त्यांचे फोन उचलत होते, कारण सीझन नसतानाही त्या त्यांची विचारपूस करायच्या.

एआय वापर, भरपूर वापर, पत्रं लिहायला, भाव बघायला, पहिला आराखडा काढायला, माझ्या वेळी असतं तर मीही रात्ररात्र टाईप करत बसले नसते. पण त्याने दिलेलं प्रत्येक वाक्य तपासल्याशिवाय गिऱ्हाईकाला पाठवू नकोस, त्या प्रवासाला सही तुझी आहे. एखादा विषय तुझा करून घे, ज्येष्ठांच्या सहली, लडाख, जपान, काहीही, पण असा की त्यातलं कुठे जिने आहेत, कुठे दम लागतो हे तुला पाठ हवं. लेहला उतरल्या दिवशी पँगाँग सरोवराला न्यायला निघणाऱ्याला तू अडवू शकली पाहिजेस, लेह साडेतीन हजार मीटरवर आहे आणि तिथे आधी दोन दिवस गप्प पडून राहायचं असतं. गिऱ्हाईक चिडेल, चिडू दे.

आणि डिप्लोमा सुरू व्हायच्या आधी एक काम कर. घरातली सगळ्यात मोठी बॅग घे, पंधरा किलो भर, आणि मुंबई विमानतळाच्या टी वन टर्मिनलहून टी टूला मेट्रो तीनने जा. एकदा एकटी, एकदा आजीला घेऊन. स्टेशनातून वर यायला, लिफ्ट शोधायला, गेटपर्यंत चालायला किती मिनिटं लागली ते दोन्ही वेळा वहीत लिही, आणि मला पाठव, मी वाट बघते.