तुझ्या यादीत इगोर का नाही?

प्रिय,

तुझी एमएमएमधल्या, म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणाऱ्या खेळातल्या, सर्वोत्तम दहा स्ट्रायकरांची (उभ्याने ठोसे-लाथांनी लढणाऱ्यांची) यादी मिळाली. पहिला पेरेरा, दुसरा अँडरसन सिल्वा, तिसरा होलोवे, आणि पार तळाशी माझा लाडका क्रो कॉप, बहुधा मला बरं वाटावं म्हणून. त्याच्या आधीच्या काळातलं एकही नाव नाही. वर ठोकून दिलं आहेस की जुन्या लोकांना आजच्या केजमध्ये, म्हणजे जाळीच्या रिंगणात, उभं केलं तर एक राउंडही निभणार नाही. असेलही तसं. पण त्यावरून कोण मोठा ते कळत नाही, कोण नंतर जन्मला एवढंच कळतं.

ठोसा किती जड आहे हे मी फारसं बघत नाही. समोरचा पट काढायला खाली वाकला की स्ट्रायकरच्या कमरेचं काय होतं ते बघतो. पाय मागे फेकून त्याच्या पाठीवर भार टाकतो का? घाईत हात खाली येतात का? आणि मुख्य म्हणजे, सुटून उभा राहिल्यावर पुढचा जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) आधीइतकाच लांब जातो की आखडतो? पडायची धास्ती बसलेला माणूस उंच किक मारत नाही, कारण एका पायावर उभं राहणं त्याला परवडत नाही. आवाज बंद करून बघ, चटकन दिसेल.

म्हणून वेगवेगळ्या काळातले स्ट्रायकर तोलायचे असले की मी मोजपट्टी म्हणून एक कुस्तीगीर हाताशी धरतो: मार्क कोलमन. 1997 च्या जुलैत, यूएफसी 14 मध्ये (यूएफसी ही अमेरिकेतली एमएमएची संघटना), त्याच्यासमोर मॉरिस स्मिथ आला. कोलमन तोवर अजिंक्य, हेवीवेट चॅम्पियन, स्मिथ किकबॉक्सर. सगळ्यांना वाटलं, पाडला की संपलं. कोलमनने पाडलाही. पण स्मिथ जमिनीवरच्या डावांत मुरलेल्या फ्रँक शॅमरॉकबरोबर सराव करून, खाली पडल्यावर काय करायचं ते शिकून आला होता. खालून कोपर मारत, मान सांभाळत त्याने वेळ काढला, कोलमनचा दम काढला, मग उठून लो किक, म्हणजे मांडीवरच्या लाथा, सुरू केल्या. 21 मिनिटांनी निर्णय स्मिथच्या बाजूने लागला. त्यात डोळे दिपवणारा एकही फटका नाही, म्हणून ती लढत कुणाच्या यादीत येत नाही. माझ्या लेखी स्ट्रायकरने या खेळात केलेलं ते पहिलं मोठं काम.

आता इगोर व्होवचान्चिन. उंची जेमतेम 173 सेंटिमीटर, आणि उभा राहायचा हेवीवेटांसमोर. त्याचा उजवा हात दगड भिरकावल्यासारखा वरून फिरून यायचा. 1 मे 2000 ला टोकियोत प्राइड या जपानी संघटनेच्या स्पर्धेत त्याने एका रात्रीत तीन लढती केल्या: आधी गुडरिज, मग साकुराबा, आणि फायनलला पुन्हा आपला कोलमन. कोलमनची सेमीफायनल दोन सेकंदांत आटोपली होती, कारण जखमी फुजिताच्या कोपऱ्यातून लगेच टॉवेल पडला, म्हणजे त्याच्या माणसांनीच लढत सोडली. इगोर मात्र साकुराबाशी पूर्ण राउंड खेळून आला होता. कोलमनने पाडलं, डोक्यावर गुडघे मारले, इगोरने हार मानली. पडलेल्याच्या डोक्यावर गुडघा मारणं आज फाऊल आहे, त्या रात्री चालत होतं. ही हार तू इगोरच्या खात्यात कशी मांडणार आहेस, ते मला लिहून कळव.

आणि 2005 मध्ये क्रो कॉपने याच कोलमनला पहिल्याच राउंडमध्ये नॉकआउट केलं. पट येतोय म्हटल्यावर क्रो कॉपची कंबर आधीच मागे सरकलेली असायची. पण टाळ्या वाजवण्याआधी एक बघ, कोलमन तेव्हा चाळिशीचा होता. मोजपट्टीही झिजते रे.

मीही कमी मूर्ख नव्हतो. क्रो कॉप यूएफसीत आला की सगळ्यांचा फडशा पाडणार, असं मी छातीठोक सांगत फिरायचो. एप्रिल 2007, मँचेस्टर. गोंझागाने त्याला केजला टेकवून खाली घेतलं, वरून कोपरं मारली. प्राइडमध्ये डोक्यावर कोपर मारायला बंदी होती, त्यामुळे हा मार त्याला नवा होता. रेफरीने दोघांना उभं केलं, आणि ज्या किकवर क्रो कॉपचं नाव चाललं होतं तीच किक गोंझागाने त्याच्या डोक्यात घातली. तो पडला तेव्हा पाय अंगाखाली विचित्र मुडपला होता. ते चित्र अजून डोळ्यांसमोरून जात नाही. नियम आणि मैदान बदललं की माणूस किती बदलतो, हे मला त्या रात्री कळलं.

सिल्वाबद्दल आपलं भांडण नाही. फक्त तू त्याच्या क्लिप बघतोस. 2009 मध्ये फॉरेस्ट ग्रिफिन पुढे येतोय, सिल्वा हात खाली सोडून मागे सरकतोय, आणि मागे जाता जाता सोडलेल्या छोट्याशा उजव्या जॅबने ग्रिफिन आडवा होतो. मागे जाणाऱ्याच्या फटक्यात जोर नसतो असं आपण शिकवतो ना? ग्रिफिन स्वतःच्याच वेगाने त्या मुठीवर येऊन आदळला. हे अप्रतिमच. पण सिल्वा मला खरा कळला तो 2010 च्या कुस्तीगीर सोनेनशी झालेल्या लढतीत. चार राउंड आणि पाचव्याचाही बराच वेळ तो पाठीवर मार खात होता, आणि शेवटी खालूनच पायांच्या कैचीत धरून त्याने सोनेनला हार मानायला लावली. पाडल्यावर काय करशील, हा मॉरिस स्मिथला विचारलेलाच प्रश्न, उत्तर निराळं.

पेरेराला पहिला ठेव, हरकत नाही. त्याचा डावा हुक कुठल्याही काळात चालला असता. पण नोव्हेंबर 2022 मध्ये तो चॅम्पियन झाला तेव्हा समोर अडेसान्या होता, म्हणजे दुसरा किकबॉक्सर, ज्याला त्याने किकबॉक्सिंगमध्ये दोनदा हरवलं होतं. मला जास्त बोलकी वाटते ती 2023 ची ब्लाहोविचशी लढत. पाडला गेला, पाठ दिली, तरी घाबरला नाही, निसटती का होईना जिंकला.

होलोवेचे कॅटरविरुद्धचे 445 फटके तू लाल शाईने लिहिले आहेस. लिही, पण इगोरचे फटके तेव्हा कुणी असे मोजत बसलं नव्हतं, एवढं ध्यानात ठेव. काफ किकचंही, म्हणजे पोटरीवर मारायच्या लाथेचंही, तेच. 2021 मध्ये पॉयरियेने मॅकग्रेगरचा पुढचा पाय निकामी केला, तर आज तुमच्या बॅचमधला सगळ्यात नवखा मुलगाही ती मारतो. तुम्हाला ती आयती मिळाली आहे.

पुढच्या सरावाला येण्याआधी स्मिथ-कोलमन पूर्ण बघून ये. पुढे ढकलू नकोस, झोप आली तरी बघ. कोलमन पहिल्यांदा तोंडाने श्वास घ्यायला लागतो ते मिनिट वहीत लिहून आण, आणि त्या वेळी स्मिथचा कुठला पाय पुढे होता तेही.

तुझा,
सर