नवऱ्याचे व्यसनमुक्तीचे उपचार चालू असताना पत्नीने इतर पत्नींच्या सभेला जाऊन काय साधते?

बरेच साधते, असे मी पुण्यातल्या स्वतःच्या अनुभवावरून सांगते. १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन येथे दारू सोडलेल्या बिल विल्सन यांना पुन्हा पिण्याची तीव्र इच्छा झाली, तेव्हा त्यांनी उपदेशकाऐवजी दुसरा मद्यपी शोधला, डॉ. बॉब स्मिथ यांच्याशी झालेल्या त्या भेटीतूनच अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांची एकमेकांना आधार देणारी संघटना उभी राहिली. त्याच धर्तीवर मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी अल-अनॉनचे गट आहेत, आणि पुण्यात १९८६ पासून काम करणाऱ्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रातही व्यसनी व्यक्तींच्या पत्नींचा विचार होतो.

डॉक्टरांनी मला आजार समजावला होता. पण नवऱ्याच्या कार्यालयात खोटे कारण कळवणे, त्याची उधारी गुपचूप फेडणे, ही माझी माया नसून त्याच्या पिण्याला लागलेला हातभार होता, हे मला उमगले ते शेजारी बसलेल्या बाईने तेच स्वतःविषयी रडत सांगितले तेव्हा. तिने मला सल्ला दिला नाही, म्हणूनच मला ते ऐकून घेता आले. मात्र तिच्या घरी लागू पडलेले सगळे आपल्याकडे लागू पडेलच असे नाही, आणि औषधांचा निर्णय डॉक्टरांकडेच राहू द्यावा. पहिल्या दोन-तीन सभांत आपण काही बोलला नाहीत, तरी चालेल.